कोकिळाबाईचा हात

बुधवारच्या बाजारात कोकिळाबाई बोलायला उभी राहिली, की भाजीवाल्या बायका तराजू खाली ठेवत. गिऱ्हाईकही पिशवी मांडीशी धरून थांबे. नगरपंचायतीत विरोधी बाजूला आठ जण निवडून आले होते. त्यातले सात सभेला समोसा खायला जात आणि एकटी कोकिळाबाई बोलायला, असं गावात म्हणायचे. ते अगदीच खोटं नव्हतं.

त्या बुधवारी ती यशोदाबाईच्या ओट्यावर चढली होती. बाजारात सिमेंटच्या ओट्यांची एक रांग आहे. होती, म्हणायला हवं. हिंगणीकडून, आंजीकडून बायका सकाळच्या एसटीनं भाजीची गाठोडी घेऊन येत आणि आपापल्या ओट्यावर बसत. ते ओटे तोडून तिथं दुकानांचं कॉम्प्लेक्स बांधायचा घाट नगराध्यक्ष प्रमिलाबाईंनी घातला होता. बायकांनी बायपासच्या पलीकडे जावं, तिथं जागा मोकळी आहे, असं त्यांचं म्हणणं. जागा मोकळी होतीच. गिऱ्हाईकही नव्हतं तिथं.

"अध्यक्षाबाई म्हणते कॉम्प्लेक्स बांधतो," कोकिळाबाईचा आवाज समोरच्या नगरपंचायतीच्या भिंतीवर आदळून परत येत होता. "बांध न माय! तुह्या घरासमोरच्या प्लॉटवर बांध! गरिबाचा ओटा काऊन तोडून राह्यली? पाण्याचा कर वाढवला, अन् पाणी एका दिवसाआड. दिवे लावले ते असे, का खांब कोठी हाये हे पाहाले टॉर्च लागते!"

लोक हसले. टाळ्या पडल्या. ओट्याच्या कडेला बसलेली यशोदाबाई आपल्याच पोरीचं कौतुक चाललंय अशा तोंडानं इकडेतिकडे बघत होती. तिला तो हक्क होता. कोकिळाबाई लग्न होऊन या गावात आली तेव्हा तिचा आवाज घरातल्या मांजरालासुद्धा ऐकू जायचा नाही. सांबार, म्हणजे कोथिंबीर, घ्यायला येई आणि बोटानं दाखवी. एकदा यशोदाबाईला हिवताप भरला, ती ओट्यावरच आडवी झाली. माल तसाच पडलेला. तिनं कोकिळेला म्हटलं, "ओरड वो पोरी, नाई तं सडून जाईन सारं." आणि ती ओरडली. वांगी, पालक, सांबार, असं नुसतं ओरडली, तर अर्धा बाजार वळून बघायला लागला. स्वतःचा आवाज तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पुढची निवडणूक, भाषणं, हे सगळं त्या पालकाच्या जुडीतून निघालेलं.

टाळ्या चालू असतानाच प्रमिलाबाई ऑफिसातून खाली आल्या. रस्ता ओलांडून थेट ओट्याशी. साठीची बाई, बारीक अंगाची, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मोठ्यानं बोलायची त्यांना सवय नव्हती. हळू बोलत, म्हणून लोक जवळ सरकून ऐकत. आणि जवळ सरकलेल्या माणसाला चावायला सोपं जातं.

"यशोदाबाई, सांबार ताजं हाये काय?"

"घ्या न बाई. सकाळीच तोडलं."

प्रमिलाबाईंनी जुडी घेतली, वास घेतला, मग वर बघितलं.

"लय छान बोलल्या कोकिळाबाई. मले एक सांगा. पाण्याचा कर वाढवला, त्या सभेत तुमचा हात कोठी होता?"

कोकिळाबाई यशोदाबाईकडे बघायला लागली.

"वर होता. दिव्याचं कंत्राट देलं तवा? वर. दवाखान्याजवळची जागा देली तवा? तवाही वर." त्या एकेक ठराव सांगत होत्या, जसं कोणी दुसऱ्याच्या लेकराचे मार्क सांगावेत. "अन् या ओट्यांचा विषय मागच्या सभेत आला होता. यशोदाबाई, तुम्हाले सांगतलं काय इनं? तवा बी हात वरच होता."

बाजारातून गाय चालत होती तिची घंटी ऐकू आली.

"तवा... विषय नीट समजावून नव्हता सांगतला," कोकिळाबाई म्हणाली.

"हात वर कराचं बराबर समजलं!" मागून कोणी तरी ओरडलं आणि मघाशी तिच्या बोलण्यावर हसलेली सगळी तोंडं आता तिच्यावर हसली.

"हसू नका वो," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मी काही वाईट बाई नाई. उद्या विशेष सभा हायेच. हाच विषय पुन्हा घेतो, पुन्हा मत घेतो. आमचा प्रेमदास बी तुमच्याकडून झाला म्हणतात. सारं आता कोकिळाबाईच्या एका हातावर आलं. पाहू, हात तोंडाचं ऐकते का."

जुडी तशीच हातात घेऊन त्या परत गेल्या. त्यांचं म्हणणं हिशेबाला धरून होतं. सतरा सदस्यांत सत्तेकडे नऊ. त्यातला प्रेमदास फुटला होता, कारण त्याची म्हातारी आई त्याच ओट्यांवर कांदे विकायची. आता दोन्हीकडे आठ-आठ, आणि मधे कोकिळाबाई.

यशोदाबाईनं तिचा हात धरून तिला ओट्यावरून उतरवलं.

"खरं हाये का वो कोकी?"

"चुकलं माय. उद्या दुरुस्त करतो."

"मंग झालं तं," यशोदाबाई म्हणाली आणि सांबाराची एक जुडी तिच्या पिशवीत कोंबली.

आता त्या हाताचं सांगायला हवं.

आमच्याकडे घरातला मोठा माणूस दारातून आत येताना खाकरतो. आत सुना असतात, त्यांना कळावं म्हणून. खाकरणं ऐकलं, की सुनेचा हात वर जातो आणि पदर डोक्यावर येतो. हातात पीठ असो की पोर असो. कोकिळाबाईचा सासरा तर बोलायचाच नाही, सगळा संसार त्यानं खाकरून केला. तो गेल्यावर दुकानाच्या किल्ल्या आणि ते खाकरणं, दोन्ही तिच्या नवऱ्याकडे, चंद्रभानकडे आलं. मागच्या गल्लीत त्यांचं भांड्याचं दुकान. चंद्रभान वाईट माणूस नव्हता. लाजाळू होता. चहा ठेव म्हणायचीही त्याला लाज वाटे. तो खाकरायचा, आणि चहा व्हायचा.

नगरपंचायतीत बायका निवडून आल्या, की त्यांचे नवरे सभेला भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसतात. पहिल्याच सभेत कोकिळाबाईला कधी काय करायचं कळत नव्हतं. मागून चंद्रभान खाकरला. सवयीनं तिचा हात पदराकडे गेला, आणि डोक्यापर्यंत पोचायच्या आत मतं मोजणाऱ्या ऑफिसच्या बाबूनं मोजून टाकला. तिचं पहिलं मत असं पडलं. चंद्रभानला हे फार सोयीचं वाटलं. बायकोला मतदान शिकवायची लाज वाचली. मग तसंच चालू राहिलं. त्याला ठराव नको असला, की तो गप्प बसे आणि हात मांडीवर पडून राही. पण त्याला बहुतेक ठराव हवेच असत. कॉम्प्लेक्समध्ये रस्त्याकडचं एक दुकान मिळावं, म्हणून अध्यक्षाबाईंची मर्जी सांभाळायची होती. भाषणात तो कधी पडला नाही. तोंड तिचं, हात त्याचा, अशी त्या नवरा-बायकोची वाटणी झाली होती. दोघांनी त्यावर एक शब्द कधी काढला नव्हता.

त्या दिवशी जेवताना तिनं काढला.

"उद्या खाकरू नका."

चंद्रभानचा घास हातातच राहिला.

"मी कोठी खाकरतो? घसा असते माणसाले."

"मले बोलाले जिनं शिकवलं तिच्याच ओट्यावर मी हात वर केला. तुम्ही खाकरले म्हणून."

तो बराच वेळ वरणात बोट फिरवत राहिला.

"चंदनसाठी करून राह्यलो होतो," तो म्हणाला. चंदन त्यांचा मुलगा, हिंगणघाटला जिनिंगमध्ये कामाला. "कापसाची धूळ खाऊन राह्यला पोट्टा तिकडं. समोरचं दुकान भेटलं असतं तं घरी आला असता."

"अन् त्या बायका नालीवर बसतीन, ते?"

चंद्रभान उठला, मोरीत हात धुतले. मग तिच्याकडे पाठ करूनच बोलला, म्हणजे बोलायला सोपं गेलं असावं.

"नाई खाकरत. तुह्या मनानं दे. माह्या मायची आन."

लग्नानंतर तिच्याशी एका दमात तो एवढं पहिल्यांदाच बोलला. कोकिळाबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तिला वाटलं, या माणसाला आपण उगाच एवढी वर्षं नुसता घसा समजलो.

सकाळी नगरपंचायतीच्या फाटकाशी बायका जमल्या होत्या. बाजाराचा दिवस नसताना, एसटीचं तिकीट काढून आलेल्या. यशोदाबाईनं लोखंडी घमेल्यात निखारे आणले होते आणि ओच्यात मीठ, मोहरी, लाल मिरच्या. भिवापुरी, विकायला ठेवलेल्यातल्याच, पण निवडून काढलेल्या.

"काय करून राह्यली माय?"

"गप. काल साऱ्या बाजारासमोर हसले तुले. केवढ्या नजरा लागल्या असतीन." तिनं मूठ कोकिळाबाईवरून ओवाळली, डोक्यापासून पायापर्यंत, पुटपुटत. मग घमेल्यात बघितलं. निखारे काळे पडले होते. "हे तं विझून राह्यले. जा तू आत, उशीर होते. फुलले का मी टाकतो. तिकडं खिडकीपाशी हवा हाये, तिकडं बसतो."

"माय, आज हात माहा हाये," कोकिळाबाई म्हणाली.

"मंग कोनाचा राह्यते?" यशोदाबाई हसली.

तळमजल्यावरच्या सभागृहात सगळे आले होते. विरोधी बाजूची सगळ्यात तरुण नगरसेविका रुचिका मोबाइल उभा करून सभा लाइव्ह दाखवत होती. जिल्ह्याच्या पुढाऱ्यांचा निरोप होता, आज कोकिळाबाई काय करतात ते आम्ही बघणार आहोत. पुढच्या निवडणुकीत तिला मोठं तिकीट द्यायचं घाटत होतं.

प्रमिलाबाई खुर्चीत बसल्या, चष्मा लावला.

"सुरुवातीलेच एक. जो सदस्य नाई त्यानं सभागृहात बसू नये असा नियम हाये. बायांचे मालक बाहेर जातीन."

भिंतीशी चुळबुळ झाली. पहिल्या खुर्चीवर त्यांचे स्वतःचे यजमान अण्णाजी बसलेले. ते नुसते हसले.

"अण्णाजी, तुम्ही पण. पहिले तुम्ही."

अण्णाजी उठले. पहिल्या वर्षी हेच अण्णाजी मागून किल्ल्यांचा जुडगा वाजवत आणि त्यावर बाईंची मान हले, हे जुन्या माणसांना माहीत होतं. मग एके दिवशी बाईंनी जुडगाच काढून घेतला. कोंबडीला हुसकावं तसं त्यांच्याकडे बघत प्रमिलाबाई म्हणाल्या, "दार लोटून घ्या."

चंद्रभान कोकिळाबाईच्या खुर्चीमागून जाताना क्षणभर थांबला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती. शपथ पाळायचं कामच उरलं नव्हतं. तो बाहेर गेला आणि सावली बघून खिडकीखाली उभा राहिला.

मुख्याधिकाऱ्यांनी ठराव वाचला. बाजारातील जीर्ण ओटे निष्कासित करून, वगैरे. निष्कासित म्हणजे काय ते कोणी विचारलं नाही.

"ठरावाच्या बाजूनं असन त्यांनी हात वर करा."

सत्तेच्या बाजूनं हात वर गेले. प्रेमदास जमिनीकडे बघत बसला, हात मांडीखाली दाबून. कोकिळाबाईनं आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले होते, एकावर एक. वरच्यानं खालचा घट्ट धरला होता. मागे भिंतीशी रिकाम्या खुर्च्या होत्या. एवढी वर्षं तिच्या मानेवर कोणाचं तरी बघणं असायचं, ते आज नव्हतं. तिला मान हलकी वाटली.

"मोजू द्या नीट," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्यांना घाई नव्हती. बोटानं एकेक हात मोजत त्या पुढे सरकत होत्या. "एक... दोन..."

बाहेर निखारे फुलले होते.

खिडकीतून आधी वास आला. मग धूर, पातळसा. कोणी तरी नाक पुसलं. आणि खिडकीखालून आवाज आला, दोनदा, ओळखीचा. चंद्रभानचा.

कोकिळाबाईचा हात डोक्यावर होता.

तो कधी गेला, तिला कळलं नाही. पदराचा काठ चिमटीत होता आणि कोपर वर.

प्रमिलाबाईंचं बोट हवेत थांबलं. त्या हसल्या. खरं म्हणजे आनंदच झाला त्यांना, मागितलं नसताना मिळाल्यासारखा.

"कोकिळाबाई, पदर घेऊन राह्यल्या का मत देऊन राह्यल्या?"

सगळे वळले. रुचिकानं मोबाइलही वळवला.

"नाई, सांगा न. मी काही जबरदस्तीनं मत घेत नाई कोनाचं. पदर असन तं पदर म्हना, सोडून देतो. फक्त सभेत सासरे कोन आले तेवढं सांगा, म्हणजे आम्ही बी पदर घेतो."

टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हसू फुटलं. तिच्या स्वतःच्या बाजूनंसुद्धा.

"खिडकीखाली कोनी खाकरलं वाटते," प्रमिलाबाई आणखी हळू बोलल्या. "त्यांच्यासाठी होता काय? पहिल्या सभेपासून त्यांच्यासाठीच होता काय?"

म्हणजे बाईंना सगळं माहीत होतं. पहिल्यापासून.

पदर होता. एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्दांत यशोदाबाईचा ओटा राहत होता, प्रेमदासच्या आईचा राहत होता, सगळी रांग राहत होती. पण ते दोन शब्द मोबाइलमधून जिल्ह्यात जाणार होते. ज्या बाईच्या भाषणाला बाजार थांबतो, ती नवऱ्याच्या खोकल्यावर मत देते. आजवरची सगळी भाषणं त्या दोन शब्दांनी मागं जाऊन पुसली असती. कोकिळाबाईनं तोंड उघडलं. ते तोंड तिचं स्वतःचं होतं. तेवढंच एक तिचं होतं.

"मत हाये," ती म्हणाली.

"ऐकू नाई आलं."

"मत हाये! विचार करून देलं."

हात तिनं आणखी वर नेला, सरळ. आणि मग, गप्प बसायचं सोडून, ती बोलायला लागली. विकासाला आमचा विरोध कधीच नव्हता. गाव वाढायला हवं. बायकांना बायपासला नवी, स्वच्छ जागा मिळेल, पाणी मिळेल, सावली मिळेल. आवाज लागला होता. शब्दाला शब्द जोडून येत होता, कुठं अडखळली नाही. तिच्या सगळ्या भाषणांत हे भाषण सफाईदार झालं, असं नंतर तिचे वैरीसुद्धा म्हणाले.

"नऊ," प्रमिलाबाई म्हणाल्या. "ठराव मंजूर." मग बाबूकडे वळून, "कोकिळाबाईचं भाषण पूर्ण घेजो बावा. लय चांगलं झालं."

प्रेमदास तिच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला. मोठा, आडदांड माणूस, पण त्याची हनुवटी हलत होती.

"तुमच्या भरोशावर मी माह्या पार्टीशी बिघडवलं. आता मायले काय सांगू, तेवढं सांगा."

कोकिळाबाईनं डोक्यावरचा पदर खाली ओढला. 

बाहेर बायकांनी कोणाच्या तरी फोनवर सगळं ऐकलं होतं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आपापल्या चपला शोधत होत्या. कोणी एसटीची वेळ विचारत होतं. यशोदाबाई घमेलं घेऊन तशीच बसलेली. त्यात मिरच्यांचा कोळसा झाला होता.

"काही कमी नव्हतं पडू देलं वो मी," ती म्हणाली. "ओंजळभर मिरच्या टाकल्या. ठसका बी लागला. तुह्या मालकालेच केवढा लागला! ठसका लागला म्हणजे नजर नसते लागली. मंग असं कसं झालं?"

तिला खरंच विचारायचं होतं. तिच्या डोळ्यांत आरोप नव्हता, नुसता प्रश्न होता. आणि कोकिळाबाईकडे उत्तर होतं. तुह्याच मिरच्यांनी झालं माय. हे ती म्हणाली नाही. निदान तेवढी दया तिच्याकडे उरली होती. किंवा ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, म्हणून असेल.

चंद्रभान तिच्याजवळ आला. डोळे लाल, नाकातून पाणी.

"धूर गेलता घशात. मी नाई खाकरलो. आन घेतली होती न. दाबला होता लय, पण ते मिरची..." मग तो थांबला. डोळे पुसले, ते पुन्हा भरले, आणि आता मिरचीनं नव्हते भरले. "पण मंग ऐकलं मी. विचार करून देलं म्हणाली तू. मोठ्यानं. माह्या खाकरण्यानं नाई, स्वतःच्या मनानं." त्यानं आजूबाजूला बघितलं आणि आवाज उतरवला. "चंदनसाठीच न?"

नाही म्हणायचं तर काय म्हणायचं होतं? कोकिळाबाईनं मान हलवली. हो, असं त्याला दिसलं. संध्याकाळी त्यानं वर्ध्याहून गोरसपाक, तुपातलं ते बिस्किट, मागवला, चंदनला फोन लावला आणि बायकोचं कौतुक सांगताना कधी नव्हे इतका बोलला. तिनं एक तुकडा तोंडात घातला. तो कोरडा असतो, पाण्याबरोबर गिळावा लागतो.

आणि ज्यासाठी हे सगळं केलं, तेही राहिलं नाही. रुचिकाचा व्हिडिओ दुसऱ्याच दिवशी कोणी तरी कापून तेवढाच ठेवला. आधी खिडकीखालचं खाकरणं, स्वच्छ ऐकू येणारं. मग हात. पुन्हा खाकरणं, पुन्हा हात. खाली ढोलकीची चाल लावलेली. जुन्या सभांचे व्हिडिओही लोकांनी शोधले, आणि त्यांतही तेच सापडलं. मोठं तिकीट रुचिकाला मिळालं.

दिवाळीनंतर ओटे पाडले. बायपासला कोणी गेलं नाही. गिऱ्हाईक तिकडे जाणार नाही हे भाजीवालीला सांगावं लागत नाही. त्या रस्त्याच्या कडेला नालीवर फरशा टाकून बसायला लागल्या, आणि कापसाचे ट्रक त्यांच्या गुडघ्याला घासून जायला लागले. समोर कॉम्प्लेक्सचे खांब उभे राहिले. चंद्रभानला दुकान मिळालं ते मागच्या बाजूचं, जिन्याखाली. चंदन ते बघून परत गेला.

पहिल्यांदा प्रेमदासच्या आईनं केलं. कोकिळाबाई पिशवी घेऊन समोरून चालली होती, तेव्हा म्हातारी खाकरली. मुद्दाम, पुरुषासारखी, दोनदा. कोकिळाबाईचा हात गेला. डोक्यापर्यंत गेला. सगळी रांग हसली, गिऱ्हाईक हसलं, पलीकडचा पानठेला हसला. वर ऑफिसच्या गॅलरीत प्रमिलाबाई उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. चष्मा पुसून नीट बघत होत्या.

मग दर बुधवारी तेच. ती बाजाराच्या तोंडाशी दिसली, की पहिली बाई खाकरायची, मग दुसरी, मग रांगेनं सगळ्या, वांग्यापासून कांद्यापर्यंत. कोकिळाबाईनं पिशवी दोन्ही हातांनी धरायला सुरुवात केली. पिशवीचे बंद बोटांत रुतायचे, मनगटाच्या शिरा वर यायच्या, हात तरी पिशवीसकट थोडा उचलला जायचाच. दुसरीकडून भाजी घे, असं चंद्रभान म्हणायचा. ती ऐकायची नाही. यायची.

रांगेच्या शेवटी, वळणावर, यशोदाबाई बसायची. सगळ्यात वाईट जागा. ट्रक तिथं गिअर बदलतो आणि सगळा धूर तिच्या तोंडावर सोडतो.

एका बुधवारी कोकिळाबाई सगळी रांग ओलांडून तिच्यासमोर आली, तेव्हा नुकताच ट्रक वळला होता. धूर, धूळ, कापसाचे तंतू. यशोदाबाईचं तोंड लाल झालेलं. छातीतून उबळ येत होती. तिनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला होता आणि वर हात दाबून धरला होता. खांदे हलत होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी. दुसऱ्या हातानं तिनं सांबाराची जुडी पुढं केली.

कोकिळाबाईला आधी समजलं नाही. मग समजलं.

"खोकल न माय," ती म्हणाली. पिशवी तिनं खाली ठेवली, दोन्ही हात मोकळे केले. "जीव जाईन. खोकलून घे."

यशोदाबाईनं बोळा आणखी आत दाबला आणि मान हलवली. नाही.